कै. सौ. इंदू

१४ जुलै १९४६. सावेडी

हे आजपासून रोज सकाळी माझ्या खाटेशी बसणार! सहा ते आठ, शाळेला जायच्या आधी. मी मागितलं नव्हतं. आपण होऊन म्हणाले.

काल डॉक्टरांनी छातीचा एक्सरे खिडकीशी धरून दाखवला. डाव्या फुप्फुसात भोक. उजव्यावर डाग. क्षय. ह्यांना नगरच्या शाळेत नोकरी लागली, आम्ही आलो, आणि त्याच आठवड्यात मला रक्त पडलं. गावात बिऱ्हाड मांडायचं राहिलंच. इथं मळ्यातल्या दोन खोल्यांत येऊन पडले आहे. डॉक्टर सोडले तर नगरात माझं तोंडसुद्धा कुणी पाहिलेलं नाही.

दाराशी डॉक्टर हळूच ह्यांना म्हणाले, 'दिवाळी दिसली तर नशीब.' मला ऐकू आलं.

तरी आज रडले ती त्यासाठी नाही. हे बसणार म्हणून!

१५ जुलै

बसले. मांडी घालून, पाठ ताठ, नजर माझ्यावर. एक शब्द नाही. मधूनच वहीत काहीतरी टिपत. ताप लिहीत असतील.

२८ जुलै

आज बोलले. 'इंदू, श्वासाकडे बघ. ओढू नकोस, ढकलू नकोस. येतो तो बघ, जातो तो बघ.'

लग्नाआधी हे दोन वर्षं सिलोनला भिक्षूंपाशी राहून आले. पाली तिथंच शिकले, ध्यानही. दोन पुस्तकं झाली. कुठून कुठून पत्रं येतात — 'पूज्य सुमंतराव'. आता तिसरं चालू आहे, ध्यानावरचं, मोठं.

मला हसू आलं. मला श्वासाकडे बघायला सांगायचं! दुसरं आहे काय माझ्याकडे बघायला?

पण बघितलं. दुपारभर. एक येतो, अडतो, कुरकुरतो, जातो. मग जरा वेळ काहीच नाही. त्या 'काहीच नाही'ची पूर्वी भीती वाटायची. आज थोडी कमी वाटली.

१० ऑगस्ट

गोजरबाई — मळा तिचा, स्वयंपाकही तीच करते. इथं मला शिवायला न भिणारी ती एकटी. आज भाकरी ठेवता ठेवता म्हणाली, 'बाई, मास्तर तुमच्यापशी बसून काय लिहित्यात वो? मान्सं आजाऱ्याचं पाय चेपत्यात. ह्यो वही घिऊन बसतोय!'

मी म्हटलं, ताप लिहितात.

'ताप बघाया हात लावाया लागतो का न्हाई?'

खरंच की. महिन्याभरात ह्यांनी एकदाही हात लावलेला नाही.

२१ ऑगस्ट

वही स्टुलावर राहिली. वाचली.

'१५ जुलै. नखं निळसर. गळ्याच्या खळग्या खोल. घाम — आंबूस. मनात किळस उठली. पाहिली. गेली.'

'२ ऑगस्ट. बरगड्या मोजता येतात. केस मुठीनं गळतात. एके काळी ह्याच केसांकडे मन ओढ घेई. आता नाही.'

'१८ ऑगस्ट. रडली. हात पुढे केला. धरला नाही. मनात काही हललं नाही. प्रगती.'

'प्रगती'खाली रेघ आहे. फूटपट्टीनं मारलेली.

अठराला मी हात पुढे केला होता. मला वाटलं, त्यांना दिसला नाही.

२२ ऑगस्ट

मी विचारलं. रागावले नाहीत. हे कधीच रागावत नाहीत. वर्गात समजावतात तसं समजावलं. पूर्वीचे भिक्षू स्मशानात जाऊन प्रेतापाशी बसत. देह फुगतो, काळा पडतो, गळतो — रोज बघत. आसक्ती सुटावी म्हणून. त्याला अशुभ-भावना म्हणतात. पुस्तकाचं शेवटचं प्रकरण तेच.

'आता स्मशानात कोण बसू देतं? आणि परक्या प्रेतावर माझी आसक्ती नाही. तुझ्यावर आहे. तू फार मोठी मदत करते आहेस, इंदू.'

मी म्हटलं, मी अजून प्रेत नाही.

'तेच तर अवघड आहे,' म्हणाले.

मग उपेक्षा समजावली. सगळ्यांत वरची पायरी ती. 'मराठीतला अर्थ नव्हे हं. पालीत उपेक्षा म्हणजे चित्त सम असणं. सुखदुःखाच्या वर.'

मला मराठीच येतं.

आठ वर्षांत पहिल्यांदा तोंडानं म्हणाले की माझ्यावर त्यांचा जीव आहे. असं म्हणाले!

५ सप्टेंबर

ताप १०३. आले. लिहिलं. गेले.

३० सप्टेंबर

काल खूप रक्त पडलं. तांब्या भरला. वाटलं, आता नाही. आणि नेमकं तेव्हाच मन स्वच्छ झालं! श्वास बघत राहिले. तो माझा नव्हताच. कधीच नव्हता. आत आला म्हणून काही आपला होत नाही — बाहेर गेला तरी आपलं काही गेलं नाही. भीती पाण्यात मीठ विरावं तशी विरली. किती वेळ, माहीत नाही. मग परत आली, नेहमीसारखी.

आज सकाळी ह्यांना सांगितलं. न सांगते तर बरं होतं. पण सांगावंसं वाटलं — ह्यांच्याखेरीज कळणार कुणाला?

'पुन्हा सांग,' म्हणाले. पेन्सिल चालू. 'मीठ म्हणालीस ना?'

मग पेन्सिल थांबली. डोळ्यांत काहीतरी होतं. मला वाटतं, हेवा. सिलोनला दोन वर्षं बसून त्यांना जे मिळालं नाही ते मला तांब्याभर रक्तात मिळालं.

२० ऑक्टोबर

दिवाळी चार दिवसांवर. मी आहे.

छापखान्याचं पत्र आलं. कागदाचा कोटा आत्ता आहे, पुढच्या वर्षीचा भरवसा नाही. हस्तलिखित डिसेंबरच्या मध्यापर्यंत हातात हवं.

संध्याकाळी हे आत आले. अंगात शाळेचा कोट तसाच. 'इंदू, एक वाचून दाखवायचं आहे.'

माझं मरण वाचून दाखवलं.

चांगलं लिहिलं आहे. पहाट, चिमणीचा उजेड, उशाला पाणी. मी 'पाणी' म्हणते आणि जाते. हे शेजारी बसलेले. श्वास थांबतो तो बघतात. चित्त हलत नाही.

मी म्हटलं, 'पाणी' नका घालू. मरताना मी पाणी मागेनसं वाटत नाही. मला तहान लागत नाही आताशी.

'वाचकाला ते लागतं,' म्हणाले.

आणि डाव्या हाताची बोटं वाकतात असं लिहिलंय, ती उजव्या हाताची.

ते मात्र दुरुस्त केलं.

२४ ऑक्टोबर

दिवाळी. दिसली.

२६ नोव्हेंबर

गोजरबाईनं बैलगाडीत घालून दवाखान्यात नेलं. हे शाळेत होते. महिनाभर ती मला शेळीचं दूध पाजते आहे. आणि अंडी! आधी नाक दाबून गिळली. आता नाक दाबत नाही.

वजन तीन पौंडांनी वाढलं. डॉक्टरांनी काटा पुन्हा बघितला. 'रात्रीचा घाम?' आठ दिवसांत नाही.

गाडीत गोजरबाई म्हणाली, 'मास्तरला सांगू का?'

'नको.'

'का वो?'



१२ डिसेंबर

लिहिते ते फाडून टाकावंसं वाटेल, तरी लिहिते.

परवा सकाळी हे बसले. मला बरं वाटत होतं, भूक लागली होती. आणि मी कण्हले! मुद्दाम. डोळे फिरवले, तोंड उघडं टाकलं. पेन्सिल भराभर चालली. मी पापण्यांच्या फटीतून बघत होते — आनंद झाला होता त्यांना. माणूस एवढा खूश मी लग्नातही पाहिला नव्हता.

मग दोन दिवस तेच केलं. मजा वाटली. काय मजा वाटली ती मलाच माहीत. हे हेवा करतात, मी फसवते. दोघं मिळून एकच पुस्तक लिहितो आहोत.

हस्तलिखित आज पुण्याला गेलं.

१८ फेब्रुवारी १९४७

डॉक्टरांनी ह्यांनाच बोलावून सांगितलं. नवा एक्सरे. भोक बुजत आलंय. 'तुमच्या मंडळी वाचल्या, मास्तर.'

घरी आले. टोपी काढली. पाणी प्यायले. माझ्याकडे बघितलं — सात महिन्यांत पहिल्यांदा वही नसताना. चेहऱ्यावर काय होतं? दुःख नव्हे. हिशेब चुकलेल्या कारकुनाचा चेहरा.

मी म्हटलं, छापखान्याला तार करा.

'सगळ्या पानांचे फर्मे छापून झाले.'

शेवटचं प्रकरण काढा.

'तेच तर पुस्तक आहे.' मग उठून खिडकीशी गेले. तिकडे तोंड करून म्हणाले, 'जे अनित्य आहे ते जाणारच. आज नाही, उद्या. पुस्तकात सत्य आहे. तू जगलीस हा तपशील आहे.'

मी तपशील. भाकरी खाल्ली, दीड. तपशिलाला भूक लागते.

९ मे

पुस्तकं आली. केडगावच्या नाक्यावर मोटारीतून उतरवलेला गठ्ठा ह्यांनी सायकलला बांधून आणला. जाड कागद, निळी पाठ. पहिलं पान उलटलं —

'कै. सौ. इंदूस.'

कैलासवासी! बुद्धाला मानणारा माणूस, आणि बायकोला धाडलं शंकराकडे.

गोजरबाईला वाचता येत नाही. मी सांगितलं. तिच्या हातातलं सूप खाली पडलं. 'जित्या मान्साचं नाव मेल्यात लिवलं? आवो, आडानी मानूस बी आसं करीत न्हाई. तुमी काय बोलला न्हाई?'

मी रात्रीपर्यंत पुस्तक वाचत होते. तिला ते सांगितलं नाही. प्रकरण सातवं, पान एकशे बारा — 'आत आला म्हणून श्वास आपला होत नाही.' शब्दाला शब्द माझा. पान एकशे चौदा — पाण्यात मीठ. माझं. 'लेखकाचा स्वानुभव' म्हणून.

छापलेलं बघून छातीत कसंतरी झालं. ते रोगाचं नव्हतं.

२७ जून

दुखवट्याची पत्रं. आज अकरा. हे प्रत्येकाला उत्तर लिहितात — 'आपल्या सांत्वनाबद्दल ऋणी आहे.' ह्यांचं आता कुणी नाही. माझे इंदूरला मामा आहेत, वर्षाकाठी एक पत्र घालणारे. त्यांचं आलं नाही. मराठी पुस्तकं ते वाचत नाहीत. डॉक्टर तर बदलून गेले. नशीब कुणाचं, ते माहीत नाही.

मी विचारलं, आता काय करायचं?

'काही दिवस बाहेर दिसू नकोस.'

किती दिवस?

मांडी घालून बसले.

१९ जुलै

वाचनालयाचे चिटणीस शामकांत भेटायला आले. वकील आहेत, चाळिशीचे, बायको गेलेली. मी आतल्या खोलीत. दार लावलेलं. खोकला आला — तोंडात पदराचा बोळा कोंबला. डोळ्यांतून पाणी, कानांत नगारे. बाहेर ते वाचून दाखवत होते. कुठलं वाचावं? एकशे बारा!

'सर, हे वाक्य मी माझ्या मुलीच्या वहीत लिहून दिलं. आई गेल्यापासून ती झोपत नव्हती. आता झोपते.'

मी बोळा धरून तशीच बसून राहिले. माझ्या वाक्यानं एक पोर झोपते. आणि ते सांगायला मी जिवंत नाही.

१५ ऑगस्ट

गावात झेंडे, पेढे, मिरवणुका. हे शाळेत भाषणाला. मला ताकीद — बाहेर येऊ नकोस, आज रस्त्यानं माणसं फार. गोजरबाईनं फटीतून पेढा दिला.

६ ऑक्टोबर

व्हायचं ते झालं.

अंगणात मिरच्या वाळत घालत होते. शामकांत सायकल घेऊन फाटकाशी उभे. मी वळले. ते बघतच राहिले. हे घाईनं बाहेर आले. क्षणभर — फक्त क्षणभर — मला वाटलं, आता सांगतील. वाटलं, मनावर एवढं राज्य मिळवलेला माणूस आहे, आता खरं बोलेल.

'ही माझी मेहुणी. विजया. इंदूच्या मागं घर बघायला आली.'

विजया माझी धाकटी बहीण. सहाव्या वर्षी देवी येऊन वारली. ह्यांना ठाऊक आहे. मीच सांगितलं होतं, लग्नाच्या पहिल्या वर्षी, रडत रडत. मेलेलीला उठवलं आणि मला तिच्या जागी निजवलं.

शामकांतांनी हात जोडले. 'फार वाईट झालं. ताईंसारख्याच दिसत असाल तुम्ही.'

'हो,' म्हटलं. 'सगळे म्हणतात.'

खालमानेनं आत गेले. हे मागून येऊन म्हणाले, 'बरं सावरलंस.'

१६ नोव्हेंबर

वाचनालयात पुस्तकावर सभा. विजयाला न्यावंच लागलं, शामकांतांनी पुन्हा पुन्हा सांगितलं होतं. दवाखाना सोडून सव्वा वर्षात पहिल्यांदा गाव पाहिलं! टांग्यातून दिसेल ते बघत होते. रॉकेलची रांग, कापडाची दुकानं, सांडलेले शेंगदाणे टिपणाऱ्या बाया.

सभेत हार, भाषणं. हे बोलले. आवाज कसला! म्हणाले, 'ती गेली त्या पहाटे मला दुःख झालं नाही, असं मी म्हणणार नाही. मी दुःख पाहिलं.' बायका डोळे पुसत होत्या. एकीनं माझा हात धरला. 'तुमच्या ताई शांतपणे गेल्या ना?'

'हो. मी तिथंच होते.'

'पाणी मागितलं म्हणे.'

'नाही मागितलं,' म्हणाले मी. 'ते ह्यांनी घातलं.'

तिला कळलं नाही.

उभं राहून एक वाक्य बोलले असते तर? जिभेवर होतं. ह्यांचं तोंड तिथंच काळं झालं असतं. पण पुस्तकही गेलं असतं. शामकांतांची मुलगी दुसऱ्या रांगेत होती, दोन वेण्या, मांडीवर तीच वही. एकशे बारा खोटं ठरलं असतं, एकशे चौदाही. माझी वाक्यं आहेत ती. त्यांच्यासाठी गप्प बसले — ह्यांच्यासाठी नव्हे. हे इथं लिहून ठेवते, कारण दुसरीकडे कुठं लिहिणार?

तरी परतताना वाटलं, मी ह्यांच्याहून फार वेगळी आहे का? त्यांनी पुस्तकासाठी बायको दिली. मी पुस्तकासाठी मला देऊन टाकली.

३ डिसेंबर

शाळेच्या मंडळींचं बोलणं ह्यांच्या कानावर आलं. विधुर माणूस, लग्नाची मेहुणी, एक घर, मळ्यात एकांत. 'सर, आपल्यासारख्यांबद्दल असं बोललं जाऊ नये.'

जेवताना मला हसू आवरेना. हे भात कालवत होते.

'हसण्यासारखं काय आहे?'

'नवऱ्याबरोबर राहते म्हणून बदनाम झाले!'

ताट सरकवून उठले. चित्त सम नव्हतं आज. पाहिलं मी. वही नव्हती, नाहीतर टिपलं असतं.

९ डिसेंबर

सकाळी शामकांत आले. मला समोर बसवलं. बोलणं त्यांनीच काढलं, अवघडून. दोनच वाटा आहेत — विजयाबाईंनी आपल्या माणसांत जावं, नाहीतर सरांनी विजयाबाईंशी लग्न करावं. नोंदणीनं, गाजावाजा न करता. ताईंच्या आत्म्यालाही बरं वाटेल.

हे म्हणाले, 'मला मान्य आहे.' लगेच! म्हणजे आधी ठरलेलं. मग माझ्याकडे न बघता, शामकांतांना, 'तिचीही हरकत नसणार. तारीख बघू या.'

'तसं नको, सर,' शामकांत म्हणाले. मऊ माणूस, पण तिथं अडून बसले. 'त्यांना विचारायला हवं. तुम्ही स्वतः. माझ्यासमोर. त्याशिवाय मी साक्षीदार राहणार नाही.'

बाहेर गोजरबाई धुणं आपटत होती, ती थांबली.

हे घसा खाकरून माझ्याकडे वळले. नऊ वर्षांत मला कधी 'तुम्ही' म्हणाले नव्हते.

'विजयाबाई, माझ्याशी लग्न करायला तुमची संमती आहे का?'

मी म्हटलं, उद्या सांगते.

ते गेल्यावर गोजरबाई उंबऱ्याशी येऊन बसली. 'येकदा आसलेल्या नवऱ्याशी पुन्यांदा लगीन? आन् हो म्हनाल?' मी तांदूळ निवडत होते. 'माझी बहीन राजूरला हाय, बाजारात तिचं दुकान हाय. डोंगरातल्या पोरींना शिकवाया तितं कोन न्हाई. हवा बी लई चांगली.' मग उठता उठता, 'मी आपली सांगून ठिवते.'

दुपारभर श्वास बघितला. दोन्ही बाजूंनी येतो आता.

१० डिसेंबर १९४७

नाही म्हटलं.

'कारण?' म्हणाले. शामकांतांसमोर आवाज चढवता येईना.

कारण दिलं नाही. ह्यांनी मला पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी सतरा वर्षांची होते. मामांनी पत्रिका जुळवली, ह्यांच्या वडिलांनी केस मोकळे करून दाखवायला सांगितले, याद्या झाल्या. मला कुणी विचारलं नव्हतं.

विचारलं ते काल.